चौथा डाख

जावयाला त्या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. घरातल्या सगळ्या खोल्यांत त्याला मोकळीक होती, एक सोडून. ती खोली चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद होती. तिच्यात एक बाक, पातं घट्ट पकडायचा व्हाइस, गॅसची बत्ती, फ्लक्सची डबी आणि सासरे एवढंच मावायचं.

मुळात जावई सुरी घ्यायला आला होता. फळं सोलायची साधी सुरी. ती तयार नव्हती म्हणून त्याने तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला सासऱ्यांच्या मुलीने त्याला बसायला स्टूल दिलं, आणि तो बसला तो बसलाच. सुरी अजून झालेली नाही.

सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांच्या मते पातं ठोकणं, घासणं, त्याला पाणी देणं, मूठ कोरणं ही सगळी हमाली होती. खरं काम पातं आणि मूठ यांच्यामध्ये जी पितळी आडपट्टी बसते, तिथे. आडपट्टीमुळे बोटं धारेवर घसरत नाहीत. ती पात्याच्या मागच्या शेपटीवरून सरकवून कितीही गच्च बसवली, तरी पोलाद आणि पितळ यांच्यात केसाएवढी फट राहतेच. त्या फटीतून पाणी आत शिरतं, शेपटी मुठीच्या पोटात गुपचूप गंजते, आणि एक दिवस टरबूज कापताना मूठ आपल्या हातात राहते आणि पातं टरबुजात. हे टाळायला फटीत डाख भरायचा. म्हणजे धातू धरावा म्हणून जोडाला फ्लक्सचं मलम फासून, कथील आणि चिमूटभर चांदी यांची तार तिथे वितळवायची. आच द्यायची ती पितळेला, खालून. पात्याला आच लागली तर त्याचं पाणी उतरतं आणि ते चमच्याच्या लायकीचं होतं, म्हणून त्याच्याभोवती ओला फडका गुंडाळायचा. पितळ पुरेसं तापलं की तार आपण होऊन आचेच्या दिशेने धावते आणि फट बुजवते. चांगला डाख डोळ्यांना दिसत नाही. उस्तादांचा दिसत नाही अशी ख्याती होती.

"बाबा, एकदा मी घालून बघू का डाख?" जावयाने अकरा वर्षांत हे किती वेळा विचारलं असेल त्याची गणती नाही.

"जावईबापू," उस्ताद अतिशय अदबीने म्हणत, "आपला हात आता कुठे कानशीवर बसलाय. बसू द्या की बिचाऱ्याला. दमला असेल."

डाखाच्या खोलीत दुसऱ्या माणसाने पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, कारण दोघांच्या श्वासाने फ्लक्स बिघडतो. बघायला मात्र कोणाचीही ना नव्हती. खोलीला रस्त्याच्या बाजूने मोठी काच होती आणि सकाळी अकरा वाजता तिच्यापुढे चारदोन माणसं नाक टेकवून उभी असायची. उस्ताद छाती काढून बत्ती पेटवत, मान जराही न झुकवता तार टेकवत आणि डाख घालून बाहेर येत. लोक म्हणत, बघायचीसुद्धा गरज पडत नाही ह्यांना!

खरं होतं ते. उस्ताद बघतच नव्हते, कारण त्यांना दिसतच नव्हतं.

हे जावयाला तीन वर्षांपूर्वी कळलं. एका दुपारी उस्ताद झोपले असताना तो बाकावरचं पातं पुसायला म्हणून आत शिरला (पुसायला जाणं नियमात बसतं असं त्याने स्वतःला समजावलं) आणि बघतो तर डाव्या बाजूची अख्खी फट उघडी. तिच्यातून नख गेलं असतं. दोन ते तीन ही उस्तादांची झोपेची वेळ. त्या तासाभरात जावयाने बत्ती पेटवली, जुना डाख वितळवला आणि नवा भरला. फट बुजली. उस्ताद उठले, त्यांनी पातं हातात घेतलं, जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याला म्हणतात डाख."

त्या दिवसापासून एकही सुरी सुटली नाही. अकरा वाजता उस्ताद डाख घालत, दोन वाजता जावई तो काढून परत घाले. उस्तादांची कीर्ती वाढत गेली तसा जावई आतल्या आत फुगत गेला. ग्राहक म्हणायचे, "काय जोड आहे उस्तादांचा!" आणि जावई मान खाली घालून कानस मारत राहायचा. सगळ्या जगात आपण एकटेच खरं जाणतो असं वाटणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, तसं त्याच्या चेहऱ्यावर येई. बायको विचारायची, "पोट बिघडलंय का?"

एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. गॅस फार लवकर संपत होता. "कुठेतरी गळतोय," असं घरातला प्रत्येक जण म्हणे. नळी दोनदा बदलून झाली.

अशातच सुरीकार मंडळाचे चिटणीस घरी आले. मंडळाने उस्तादांचा जाहीर सन्मान करायचं ठरवलं होतं. अध्यक्षांच्या हस्ते. अध्यक्षांनी जन्मात सुरी केली नव्हती, त्यांचा खोक्यांचा कारखाना होता. पण सुऱ्या खोक्यांतूनच जातात, तेव्हा नातं होतं.

"मंचावर, सगळ्यांसमोर, एक डाख," चिटणीस म्हणाले. "मग शाईची परीक्षा. पातं खाली धरून सुरी टांगायची, वरून आडपट्टीच्या खाचेत शाई ओतायची, खाली पांढरा कागद. तासभर कागद पांढरा राहिला की झालं."

"आणि नाही राहिला तर?" जावयाने विचारलं.

चिटणीस हसले. असली चौकशी त्या घरात करतात याची त्यांना गंमत वाटली. "मग नियमाप्रमाणे घराचा शिक्का मंडळाकडे जमा. पण तो प्रश्नच नाही."

शिक्का म्हणजे पात्यावर उमटवायचा छोटा मासा. तो नसेल तर ती सुरी नुसती सुरी. मंडळाच्या यादीत नाही, दुकानात नाही, कुठेच नाही. चिटणीस जायला निघाले तेव्हा जावई त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. तिथे चिटणीसांनी आवाज खाली आणला.

"तसा एक पोटनियम आहे. उस्तादांचा डाख फसला, तर घरातला दुसरा कोणी तिथल्या तिथे उभा राहून डाख घालू शकतो. टिकला तर शिक्का त्याच्या नावावर होतो. तुम्ही आपले कानसवाले, तुम्हाला काय त्याचं."

जावयाला त्याचं बरंच काही होतं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. मंचावर त्याला झोपलेले उस्ताद कुठून मिळणार होते?

दुसऱ्या दिवशी त्याने सासूबाईंना गाठलं. त्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या.

"आई, एक सांगायचंय. रागावू नका. बाबांचा डाख तीन वर्षं झाली गळतोय. मी दुपारी गुपचूप परत घालतो."

सासूबाईंचा हात थांबला नाही. "माहितीय."

"माहितीय?"

"न माहीत असून कसं चालेल? तुमचा डाख म्हणजे सर्दी झालेल्या पोराचं नाक. सगळा पुढे ओघळलेला. तुम्ही दोघं पाच वाजता मुठींचं लाकूड बघायला जाता, तेव्हा मी तो काढते आणि नीट घालते."

जावई स्टुलावर बसला. हे तेच स्टूल, अकरा वर्षांपूर्वीचं.

"तुम्हाला येतो डाख घालता?"

"माझ्या वडिलांच्या घरी सगळ्यांना येतो. ह्यांना मीच शिकवला. लग्नानंतर पहिल्या महिन्यात. मग ह्यांनी दाराला कडी लावली."

एवढ्यात मागच्या दारातून बायको आली. तिच्या हातात धुतलेली भांडी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, तू घालतेस ते ठीक. पण खालची कड तू कोरडी ठेवतेस."

"मी?"

"कायम. आणि नंतर खायच्या सोड्याने धुवत नाहीस. फ्लक्स तसाच राहिला तर आठवड्यात गंज धरेल. म्हणून मी सातला परत घालते. ह्यांची अंघोळ पाऊण तास चालते ना तेव्हा."

"माझी अंघोळ पाऊण तास चालते कारण अंगावर पोलादाचा कीस असतो!" जावई म्हणाला. एवढ्या मोठ्या उलथापालथीत त्याला नेमकं हेच बोलायला सुचलं.

"कोण काय म्हणतंय? चालू द्या की. मला तेवढा वेळ लागतोच."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग तिघांनीही एकदमच कोपऱ्यातल्या गॅसच्या टाकीकडे बघितलं.

जावयाचं मन फार खट्टू झालं. तीन वर्षांची कीर्ती पाहता पाहता बायकोची निघाली. पण निदान बायकोची तरी होती का? मनात किडा वळवळला तो गप्प बसेना. संध्याकाळी बायकोचं उरकल्यावर त्याने डाखाशेजारी पितळेवर सुईच्या टोकाने बारीकशी रेघ ओढून ठेवली. सकाळी सातला बघितलं तर रेघ गायब. नुसती पुसली नव्हती. तिच्या जागी ताजा, गुळगुळीत, नजरेला न दिसणारा डाख होता. असा डाख जावयाने जन्मात बघितला नव्हता. पहाटे साडेपाचला या घरात एकच माणूस उठतं. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि काचेला कोणाचंही नाक टेकलेलं नसतं.

त्याने फ्लक्सची डबी उघडली. डबीला दुहेरी तळ होता. खालच्या कप्प्यात, मऊ चिंधीत गुंडाळून, चष्मा ठेवला होता. भिंगं इतकी जाड की त्यातून जावयाला स्वतःचा अंगठा काकडीएवढा दिसला.

म्हणजे तीन वर्षं दर सुरीला पाच वेळा डाख बसत होता, आणि बाहेर जात होता तो पाचवा. उस्तादांचाच. लोकांसमोर बिनचष्म्याचा पहिला, आणि पहाटे चष्म्याचा शेवटचा. जावयाचा एकही डाख या घराच्या उंबऱ्याबाहेर कधी पडला नव्हता. तो निव्वळ दुपारचा गॅस जाळत होता.

त्याने चष्मा खिशात घातला.

का घातला हे त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की पुसायला. पण सन्मानाचा दिवस चार दिवसांनी होता, आणि चारही दिवस तो चष्मा पुसून झाला नाही. उस्ताद पहाटे डबी उघडत, आतला कप्पा चाचपत, आणि डबी बंद करत. विचारणार कोणाला? "माझा चष्मा कोणी पाहिला का" असं विचारायचं तर आधी चष्मा असावा लागतो. चार दिवस ते फक्त एवढंच म्हणाले, "या घरातून वस्तू जातात." जावई कानस मारत राहिला आणि मनातल्या मनात मंचावरच्या पायऱ्या मोजत राहिला.

सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर टेबल, टेबलावर व्हाइस, व्हाइसमध्ये पातं. जावई पहिल्या रांगेत, त्याच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला बायको. खिशातला चष्मा मांडीला टोचत होता.

उस्तादांनी ओला फडका मागितला. अध्यक्षांनी नापसंती दाखवली.

"फडका फोटोत बरा दिसत नाही हो. आम्ही रेशमी रुमाल आणलाय. मंडळाचं नाव विणलेला."

"कोरडा आहे," उस्ताद म्हणाले.

"ओला केला तर रंग जाईल."

उस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला नाही. रुमाल बांधला. बत्ती पेटली. छाती पुढे, मान ताठ. ज्योत पितळेच्या खाली जायची ती दोन बोटं चुकली आणि सरळ पात्यावर बसली. लोकांना वाटलं ही काहीतरी वरची पातळी असणार.

जावयाला रंग दिसत होते. तापलेलं पोलाद सांगत असतं, ऐकणारा हवा. आधी पातं फिकट पिवळं झालं, वाळल्या गवतासारखं. मग तपकिरी. मग वांगी रंग. तार वितळली, पण तिला धावायला कुठे आच मिळेना. तिचे गोळे झाले आणि टेबलावर टपटप पडले. अध्यक्ष म्हणाले, "वा!" रुमालाला धूर यायला लागला, त्यातलं मंडळाचं नाव आधी जळालं.

शेजारून चिटणीस वाकले आणि जावयाच्या कानात म्हणाले, "तयार राहा."

जावई तयार होता. अकरा वर्षं तयार होता. फक्त बसून राहायचं होतं, तेवढं तर स्टुलावर बसल्या दिवसापासून त्याला येत होतं. पण तेवढ्यात उस्तादांनी डाव्या हाताने टेबलावर तार चाचपली. अंधारात माणूस दिव्याचं बटण चाचपतो तशी. तार समोरच होती. त्यांचा हात तिच्या वरून दोनदा गेला. पात्यावर निळा रंग चढला, म्हणजे त्याचं पाणी उतरलं.

जावई उठला, पायऱ्या चढला (त्या चार होत्या, त्याने मनात मोजल्या होत्या त्याहून दोन कमी) आणि खिशातून चष्मा काढला.

"बाबा, तुमचा चष्मा."

तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतला. फ्लक्स तिथेच बिघडायला हवा होता.

उस्तादांनी चष्म्याकडे बघितलं. मग जावयाकडे. "माझा नाही," ते म्हणाले. "फ्लक्सच्या डबीचा आहे."

"डबीने दिलाय. तुमच्यासाठी."

मग उस्तादांनी बत्ती जावयाच्या हातात दिली, कारण चष्मा घालायला दोन्ही हात लागतात. तो घालून त्यांनी जोड बघितला, टेबल बघितलं, निळं पातं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "अरे देवा."

"अहो, हे काय चाललंय?" अध्यक्ष उठले.

"डाख चाललाय," उस्ताद म्हणाले. "जावईबापू, धरलीच आहे तर चालवा."

जावयाने जळका रुमाल काढला, स्वतःचा रुमाल पाण्याच्या पेल्यात बुडवून पात्याला गुंडाळला आणि आच खालून लावली. तार धावली. जरा जास्तच धावली.

"नाक वाहिलं," पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, आणि त्या वर आल्या. "व्हा बाजूला." त्यांचं संपेपर्यंत बायकोही वर आली होती. "खालची कड, आई, खालची कड!" शेवटी उस्तादांनी बत्ती हातात घेतली. या वेळी मान झुकवली, पार नाक पितळेला लागेल इतकी, आणि तीन सेकंदांत काम संपवलं. डाख दिसेनासा झाला.

"पण नियमात एक डाख आहे," चिटणीस अडखळत म्हणाले.

"एकच आहे. चार हातांचा," उस्ताद म्हणाले. "आमच्या घरची पद्धत. पहिला उस्तादाचा, दुसरा जावयाचा, तिसरा..." ते थांबले, त्यांनी चष्म्यातून बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे. पहाटेच्या वेळी आपण जो जुना डाख काढत होतो, तो किती हातांतून गेलेला असायचा हे त्यांना तिथे, तीनशे लोकांसमोर, कळलं. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दाखवलं नाही. "तिसरा मायलेकींचा. चौथा परत उस्तादाचा."

चिटणीसांनी सगळं लिहून घेतलं. शाई ओतली गेली. तासभर भाषणं झाली, तीही बहुधा त्याचसाठी ठेवलेली होती. कागद पांढराशुभ्र राहिला. टाळ्या. शिक्का घरात राहिला, उस्तादांच्याच नावावर. मग अध्यक्षांनी ती सन्मानाची सुरी घेऊन मंचावरची फीत कापायला सुरुवात केली. पात्याचं पाणी कधीच उतरलं होतं. फीत वाकली, लांबली, सुरीभोवती गुंडाळली गेली, पण तुटली नाही. अध्यक्षांनी ती शेवटी हाताने ओढून तोडली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मंडळाने जोडाचा सन्मान केला होता. धारेचा विषय अहवालात आलाच नाही.

पंधरा दिवसांत परिपत्रक निघालं. यापुढे मंडळाच्या प्रत्येक सदस्याने डाख चौघांनी घालावा: उस्ताद, जावई, सासू आणि मुलगी, आणि चौघांच्या सह्या जोडाव्यात. बिनलग्नाच्या सुरीकारांत हलकल्लोळ माजला. एकाने अर्ज केला की माझ्याकडे फक्त मांजर आहे. त्याला उत्तर आलं की मांजराचं नातं स्पष्ट करावं.

परिपत्रक वाचून उस्तादांनी ते घडी घालून व्हाइसच्या हलत्या पायाखाली सरकवलं.

"सह्या चार करू," ते म्हणाले. "डाख एकच. आता एकदाच आणि नीट. जावईबापू, या आत."

जावई उंबऱ्यावर घुटमळला. "दोघांच्या श्वासाने..."

"मग मी बाहेर जातो."

आणि ते खरंच बाहेर गेले, चष्मा घालून काचेच्या पलीकडे रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी काचेला नाक टेकवलं. जावयाने ओला फडका गुंडाळला, बत्ती पेटवली, पितळेला खालून आच दिली आणि तार टेकवली. ती धावली आणि थांबली. थोडीशी ओघळली, पण थोडीशीच. बाहेर उस्तादांनी मान हलवली. कोणत्या दिशेने ते काचेवर साचलेल्या वाफेमुळे दिसलं नाही.

दुपारी दोनला जावई आडवा झाला. आता त्या वेळेला त्याला काही काम नव्हतं. डोळा लागतो न लागतो तोच पलीकडून बारीक फुसफुस ऐकू आली. उस्तादांच्या बत्तीचा आवाज. तो उठणार होता. मग त्याच्या लक्षात आलं की आतापर्यंत अशा दुपारी, याच आवाजात, भिंतीपलीकडे आणखी एक माणूस डोळे मिटून पडलेला असायचा, आणि तो एकदाही उठून आला नव्हता.

जावयाने कूस बदलली.

"अगं," तो मोठ्याने म्हणाला, "गॅस कुठेतरी गळतोय बघ."

"हो ना," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "नळी बदलायला हवी." आणि तिने घड्याळाकडे बघितलं. सात वाजायला अजून बराच वेळ होता.